दर अकराव्या दिवशी एक किलो

विनिता तांडेल आमच्या अंधेरीच्या कॉलेजात एम.ए. करत होती. राहायला खारदांड्याला. पहाटे शेजारच्या मासळीवाल्यांच्या पाट्या उचलू लागायची आणि पावणेदहाला वर्गात हजर. दोन वर्षांत तिचा एकही अर्ज ऑफिसात मुदतीनंतर आला नाही. तेहतीस वर्षांच्या कारकुनीत असे विद्यार्थी मी फार पाहिले नाहीत.

तिच्या शोधनिबंधाच्या तोंडी परीक्षेला इतिवृत्त लिहायला मी बसलो होतो. विषय तिच्याच गल्लीतल्या अकरा मासळीवाल्यांचा. सकाळी किती मासळी घेतली, किती विकली, घरी किती नेली. तीस दिवस तिने स्वतः काटा धरून लिहिलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक कुंडलिक सर चौथ्या तक्त्यावर थांबले. प्रत्येकीचा एक किलो ठरावीक दिवशी हिशेबात कुठेच लागत नव्हता. पहिलीचा एक, बारा आणि तेवीस तारखेला. दुसरीचा दोन, तेरा आणि चोवीसला. पुढेही तसंच.

"अकरा बायका आणि दर अकराव्या दिवशी घट," सर म्हणाले. "खऱ्या माहितीत इतकी शिस्त नसते. हे तू घरी बसून बनवलंयस."

बनावट माहितीला आमच्याकडे एकच नियम आहे: निबंध रद्द, पदवी नाही. विनिताला तो ठाऊक होता.

मार्गदर्शक मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "विनिता, काहीतरी बोल गं." चोरी पकडली गेलेली मुलं खूप बोलतात, हा माझा अनुभव. ही गप्प होती, म्हणून मीही लिहायचा थांबलो.

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"ते मासे आमच्या घरी येतात, सर."

पाच वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची होडी परतली नाही. त्या धक्क्याने आई सुगंधा बाजारात बसायची थांबली. तेव्हापासून अकराजणींनी पाळी लावली आहे. जिची पाळी ती अंधार असताना दारातल्या पातेल्यात एक किलो टाकून जाते. कोण टाकतं ते आईने कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

"मग निबंधात का नाही लिहिलंस?"

"देणारी बोलत नाही, सर. घेणारीने कसं बोलायचं? खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून आकडा तसाच ठेवला. कोण एवढी बेरीज करणार, असं वाटलं."

सरांनी तक्ता तिच्याकडे सरकवला. मग त्यांनी खाली एक ओळ लिहायला सांगितली. तिने लिहिलं: 'हा एक किलो विक्रीसाठी नसतो.' आणखी लिही म्हटल्यावर तिने मान हलवली. सरांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी ती शिक्का घ्यायला आली. चेहरा उतरलेला होता. चारचौघांत घरचं सांगितल्याचं तिने आईच्या कानावर घातलं होतं. बोलून झालेलं आता घ्यायचं नाही, म्हणून आईने दारातलं पातेलं आत नेऊन ठेवलं.

"मग आज?" मी विचारलं.

"आज दाराच्या कडीला पिशवी होती. बोंबील."

"पाळी कोणाची होती?"

तिने निबंध पिशवीत घातला आणि पहिल्यांदा थोडी हसली. उत्तर मात्र दिलं नाही.