रुमालाखालचा हात

बी.कॉम.च्या पहिल्याच तासाला मी फुशारकीनं उत्तर दिलं होतं, "भागधारक हा कंपनीचा मालक असतो." वसंतराव गावंडे सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "समज, तुह्या वडिलांनी म्युच्युअल फंडात पैसे टाकले. फंडानं त्यातून कंपनीचे शेअर घेतले. मंग कंपनीच्या सभेत मत कोण देते?" सर हसले. "पैसा आपला, मत फंडाचं. ते कसं देते, इतकं तरी पाहत जा." आज यवतमाळच्या त्याच कॉलेजात तोच विषय मी शिकवतो, तो त्या प्रश्नामुळे.

फंडांनी कोणत्या ठरावावर काय मत दिलं, याचे तक्ते पुढे संकेतस्थळांवर येऊ लागले. आमच्याकडे ते चिकाटीनं वाचणारे सर एकटेच असावेत. त्यांत काय नाही, हे सांगणारेही तेच. तक्त्यात एवढंच: बाजूने, विरोधात, नाहीतर तटस्थ. आणि कारण म्हणून 'धोरणानुसार'. सर म्हणत, "बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होते ना, तसंच हे. शेवटी भाव समजते, हात दिसत नाही."

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी एका बियाणे कंपनीनं संचालकांच्या पगारवाढीचा ठराव आणला. दिग्रसच्या पुष्कळ घरांची बचत ज्या फंडात होती, तो फंड 'तटस्थ' राहिला. ती बचत लोकांनी फंडात टाकली होती सरांच्याच शब्दावर. गावचे पुढारी, कापसाचे शेतकरी नानाभाऊ इंगोले यांनी सभा बोलावली; सरांसोबत मीही गेलो. हॉल खच्चून भरला होता.

नानाभाऊ म्हणाले, "सर, येवढंच सांगा का फंड कंपनीले विकला गेला. बाकी आम्ही पाहून घेऊ."

सर उभे राहिले. "तटस्थ राह्यला, हे दिसून राह्यलं. काहून राह्यला, ते दिसत नाही. न दिसलेलं मी सांगणार नाही."

"मंग आले कायले?"

"फंडाले विचारू, हे सांगायले."

लोक उठून गेले. जाताना कोणी 'दलाल' म्हणालं. परतताना एस.टी.त मी धुसफुसत होतो. सर एवढंच म्हणाले, "आज खोटं बोललो, तर उद्या या लोकायचा खरा प्रश्नही कोणी ऐकणार नाही." त्या क्षणी मला सरांचा जो अभिमान वाटला, तो आजतागायत उतरलेला नाही.

पुढे नानाभाऊ यवतमाळच्या दवाखान्यात भरती झाले, तेव्हा डबा सरांच्या घरून जाई आणि सर स्वतः नेत. सभेचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. फंडाकडे विचारणा मात्र चालूच ठेवली. शेवटी फंडाचे अधिकारी यवतमाळला आले आणि गुंतवणूकदारांपुढे म्हणाले, मतदानाआधीच आम्ही कंपनीला बंद दाराआड खडसावलं, पुढच्या वर्षी वाढ मागणार नाही असं कबूल करून घेतलं, म्हणून विरोध केला नाही. तक्त्यात यातला एक शब्द नव्हता.

नानाभाऊ भर सभेत सरांच्या पायाशी वाकले. "सर, तुमचंच खरं निघालं!"

"उठा नानाभाऊ. हेही त्यायनं सांगितलं, आपण कुठं पाह्यलं? पुढल्या वर्षी पाहू."

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीचे अध्यक्ष आज नानाभाऊच आहेत. सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभावं, हा आम्हा सर्वांचा ठराव. आमचं मत बाजूने, हात रुमालाबाहेर. कारण 'धोरणानुसार' लिहिलं तर सर कागद परत करतील, म्हणून नीट लिहितो: चिडलेल्या सभेपुढेही 'मले माहीत नाही' असं ताठ मानेनं म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात आहे. आणि सर, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. आम्ही पाहिलं आहे.