आधी हवा काढा

हवेवर जगणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. हवेशी जन्माचं वैर धरून जगणारा माणूस मात्र एकच, तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. जगात जे काही बिघडतं ते कुठेतरी हवा अडकल्यामुळेच, अशी त्यांची पक्की समजूत. पोट दुखलं, हवा. पंखा कुरकुरला, त्यातही हवा! पानात टम्म फुगलेली पुरी पडली की आम्ही पोरंसोरं हरखायचो. मावसाजी तिला बोटानं टच्च करून भोक पाडायचे, वाफ पार निघून जाऊ द्यायचे आणि मगच घास घ्यायचे. नातवाच्या वाढदिवसाला केक कापून होतो न होतो तोच त्यांनी भिंतीवरचे सगळे फुगे एकेक करून सोडवले, "झालं ना आता, कायले ताटकळत ठेवता त्याईले?" म्हणून. माणसांच्या बाबतीतही तेच. एका लग्नात वरपक्षाकडचे पाहुणे आपल्या नव्या गाडीचं गुणगान गात बसले होते. मावसाजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि अगदी मायेनं विचारलं, "झ्याक आहे गाडी. मंग आज बसनं काहून आले बावा?"

या वैराचं मूळ आमच्या यवतमाळच्या नळात आहे. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आणि येतो तेव्हाही पाहुण्यासारखा सरळ येत नाही. आधी खोकतो, धापा टाकतो, फुस्स फुस्स करतो, मग कुठे पाणी देतो. मावसाजींचं निम्मं आयुष्य पहाटे त्या नळापाशी पाट टाकून, डोळे मिटून ती फुसफुस ऐकण्यात गेलं असेल. चेहरा असा, की कोणी भजनाला बसलंय असं वाटावं. "आधी हवा काढा, मंग पाणी येते," हे त्यांचं वाक्य आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं.

पण मावशीचे गुडघे थकले. यवतमाळच्या लोहारा भागात त्यांचं छोटंसं दुमजली घर, गच्चीवर मावशीचा मोगरा, आणि त्या मोगऱ्यासाठी जिन्यानं बादल्या. एकदा ती पुण्याला मुलाकडे राहून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "तिकडं न्हाणीत नळाची चावी फिरवली का डोक्यावर पाऊस पडते. इथं मी म्हातारी बादल्या चढवून राह्यली." मुलगा कधीपासून मागे लागलाच होता, घर विकून कायमचे इकडे या. मावशीनं मावसाजींना उन्हाळ्यापुरती मुदत दिली, गच्चीपर्यंत पाणी चढवा नाहीतर पुण्याला चला, आणि बॅग न उघडता कपाटावर ठेवून दिली. मावसाजी यवतमाळबाहेर दोन दिवस राहिले तरी कोमेजणारे. जेवताना त्यांची नजर सारखी त्या बॅगेकडे जायची.

म्हणून अंगणातल्या हौदावर पंप बसला आणि त्याच्या जोडीला प्रेशर टाकी आली. घागरीहून मोठी, पिंपाहून लहान, निळी, गुटगुटीत. बसवायला आलेल्या फिटरनं नीट समजावलं, "काका, आत रबरी फुगा आहे. फुग्यात पाणी, भोवताल हवा. पंप पाणी कोंबते तशी हवा दबते. तुम्ही नळ सोडला का तेच दबलेली हवा पाण्याले ढकलते. लोटाभर पाण्यासाठी पंपाले उठावं लागत नाही." मावसाजींनी मान डोलावली, पण त्यातला एकच शब्द कानात शिरला: हवा! फिटरची पाठ वळताच त्यांनी टाकीच्या डोक्यावरची, स्कूटरच्या चाकाला असते तशी व्हॉल्व्हची पिन काडीनं दाबून धरली. लांबलचक सुस्कारा निघाला. तो संपेपर्यंत मावसाजी डोळे मिटून बसले होते. "निघाली सारी," ते समाधानानं म्हणाले.

मावशी पहिल्यांदा नव्या शॉवरखाली उभी राहिली आणि पंप वेड लागल्यासारखा चालू-बंद, चालू-बंद करू लागला. पाणी यायचं, थांबायचं, यायचं, थांबायचं. "अवो!" आतून आवाज आला, "पाऊस पाडतो म्हनत होते ना तुम्ही? याले तं उचकी लागली!" मावशी तोंडावरचा साबण बादलीतल्या पाण्यानं धुऊन बाहेर आली आणि कपाटावरची बॅग खाली काढली. मावसाजींचा चेहरा पाहवेना. मीच फिटरला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"काका, हवा तं नाही काढली तुम्ही?"

"मंग? आधी हवाच काढली!"

पलीकडे फिटर बहुतेक भिंतीला टेकला असावा.

मग तो फोनवरून सांगत गेला तसा पंप बंद केला, टाकी रिकामी केली, आणि जन्मभर हवा काढणारा तो माणूस गाडीचा पायपंप घेऊन हवा भरायला बसला. कान लाल झालेले. मावशी दारात उभी राहून म्हणाली, "भरा आता, आजवर काढली तेवढी." पण हसू तिला आवरत नव्हतं. त्याच दुपारी ती गच्चीवर पाइप धरून मोगऱ्याला पाणी घालत होती आणि लाईन गेली. पंप गप्प. सगळा लोहारा उन्हात पेंगलेला, आणि धार मात्र चालूच.

"लाईन तं गेली. मंग हे पाणी कुठून येऊन राह्यलं?"

"हवा आहे ना आत," मावसाजी हळूच म्हणाले. "थांबून होती बिचारी."

बॅग त्या संध्याकाळी उघडली गेली.

याला आता बरीच वर्षं झाली. मावसाजी हल्ली पुरी फोडत नाहीत. तिच्याकडे बघत बसतात, ती आपोआप निवेपर्यंत. त्यांनाच आता दम लागतो, त्यामुळे मी गेलो की टाकीत हवा भरायचं काम माझं. ते टाकीला कान लावतात आणि पुरे झालं की हात वर करतात. मला ते फार आवडतं, आणि त्याचंच वाईटही वाटतं. कारण आता खरंच ठरलंय: घराला गिऱ्हाईक मिळालंय, दिवाळीनंतर दोघंही पुण्याला जाणार.

परवा दुपारी गेलो तेव्हा लाईन नव्हती. मावशी खुर्चीत बसून कुंड्यांना पाणी घालत होती, मावसाजी शेजारी डोळे मिटून. मी विचारलं, "मग, केव्हा निघता?"

"निघाचंच आहे बाप्पा," मावशी म्हणाली. "हे टाकीतलं पाणी संपलं का निघू."

धार बारीक होत चालली होती. मावसाजी उठले, भिंत धरत धरत नळापर्यंत गेले आणि त्यांनी तो बंद केला. दोन कुंड्या कोरड्याच राहिल्या. मावशीनं रिकामा पाइप तसाच मांडीवर धरून ठेवला.