आज खरंच आखरी दिन

आधीच सांगतो, मी विज्ञानाचा मास्तर. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आयुष्यभर टर उडवली. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठ असेल, थंडीचे दिवस. तळोद्याला बाजारापलीकडच्या मैदानात तंबूचा सिनेमा आला होता. गावात कोणता खेळ लागलाय ते कळायचं टांग्यावरून. मफलर गुंडाळलेला माणूस भोंग्यातून ओरडत, गुलाबी कागद उधळत फिरायचा. आणि पहिल्याच दिवसापासून म्हणायचा, "आज आखरी दिन!" गर्दी जमवायची ही त्याची युक्ती. सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून कुणीच घाई करायचं नाही.

माझ्या मायला काचबिंदू झाला होता. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, दिसतंय तोवर बघून घ्या. तिने आयुष्यात कधी समुद्र पाहिला नव्हता. टांगा आला की ती मला एकच विचारायची - "भाऊ, त्यामा समिंदर शे का?" मी म्हणायचो, "आहे. रविवारी जाऊ, माय." पेपर तपासायचे होते ना!

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास मी ओसरीवर पेपर तपासत होतो. गल्ली सुनसान. माय अंगणातून आत आली.

"भाऊ, टांगावाला उना व्हता. म्हने, माय, रोज मी खोटं बोलस, पन आज खरं सांगी ऱ्हायनू. आज आखरी दिन शे."

मी पाच हातांवर बसलेलो... टांगा नाही, भोंगा नाही, काहीच ऐकलं नव्हतं. पण तिचा चेहरा असा उजळला होता की नाही म्हणवेना. संध्याकाळी तिचा हात धरून निघालो.

पडदा वाऱ्याने फुगत होता, त्यामुळे त्यावरचा समुद्र जास्तच हलत होता. माय एकदम पुढे बसली होती. लाटेचा उजेड तिच्या तोंडावर यायचा, जायचा. कथा तिला समजली की नाही, देव जाणे. "कितला पानी, भाऊ! एक घडी बी थांबस नही!" एवढंच पुटपुटत होती. सिनेमाचं नाव मला आठवत नाही, तिचा तो आवाज आठवतो.

बाहेर तो मफलरवाला टांगेवाला भेटला. मी चिडवलं, "काय रे, आजही आखरी दिन?"

तो कसाबसा कुजबुजला, "मास्तर, दोन दिन झाया, मन्हा गळा बसेल शे. टांगा निंघनाच नही. पन आज खरंच आखरी. तंबू उपाडानं आज चार वाजताच ठरनं."

तंबू हलवायचं ठरलंच चार वाजता! मायने मला बाराला सांगितलं होतं.

शुक्रवारी मैदानात नुसते खुंट्यांचे खड्डे उरले होते. होळीच्या आत मायची नजर पूर्ण गेली. नंतर कुणीही आलं की ती सांगायची, "मी समिंदर देखेल शे." आणि हाताने लाट करून दाखवायची.

त्या दुपारी कोण आलं होतं? आजही मला उत्तर माहीत नाही. फक्त "रविवारी जाऊ" असं मी त्यानंतर कुणालाच म्हटलं नाही.