फ्रीजमधला होस्टा

घराच्या मागे, उत्तरेच्या भिंतीला लागून एसीचं पाणी ठिबकतं, तिथे बायकोनं हिरव्या जाळीखाली सावलीची बाग केली आहे. ओमानमधल्या सोहारच्या उन्हात पानांना तेवढीच जागा सोसते. तिथे तिचा होस्टा होता. रुंद पानं, त्यांना पांढरी किनार, आणि फिकट जांभळ्या फुलांना मंद वास. हे झाड थंड मुलखातलं. हिवाळ्यात त्याला थंडीतली झोप हवी असते. इथे कुठली आलीय थंडी? म्हणून डिसेंबरात पानं वाळली की कुंडी अडीच महिने फ्रीजमध्ये.

त्या वर्षी माझ्याच आईच्या आजारपणासाठी ती रत्नागिरीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "कुंडी हलवू नका."

मी हलवली. माझ्या कंपनीच्या प्लांटमधली मंडळी जेवायला येणार होती, सुरमईला जागा हवी होती. कुंडी वॉशिंग मशीनवर ठेवली आणि आठ दिवस विसरलो. कोंब फुटलेले दिसले तेव्हा घाबरून परत आत ढकलली. कोंब कुजले, मागोमाग गड्डाही.

ती परतल्यावर मी म्हणालो, "मध्ये फ्रीज बंद पडला होता."

"म्हणजे भाईंनी नीट दुरुस्त केलाच नाही!"

भाई आमच्या रत्नागिरीकडचेच, शेजारच्या सहम गावात त्यांचं दुरुस्तीचं दुकान. ती जायच्या आधीच त्यांनी तो फ्रीज दुरुस्त केला होता. मी गप्प बसलो. तिनं चार मराठी घरांत हे सांगितलं, त्यांनी भाईंना बोलावणं सोडलं, तरी गप्पच. दोन वर्षं.

यंदा नवा होस्टा आला. डिसेंबरात ती म्हणाली, "आधी नवा फ्रीज घेऊ. त्या माणसाच्या कामावर माझा भरवसा नाही."

तेव्हा कुठे माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं. तिनं ऐकून घेतलं.

"हे मला काय सांगताय? गाडी काढा."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भाई हसायलाच लागले. "अहो दादा, फ्रीज बंद पडला असता तर तुमच्या सुरमईचा वास सहमपर्यंत आला असता! माझं काम मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?" बायकोनं विचारलं.

"नवराबायकोच्या मधे कोण पडेल, वहिनी? म्हटलं, दादा बोलतील कधीतरी, इन्शाल्ला."

तिनं तिथेच फोन काढला आणि पहिल्या घरी लावला. "भाईंचं काम चोख होतं. खोटं आमच्या घरातून बोललं गेलं." आमच्या, म्हणाली. त्या एका शब्दासाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे. आणि भाईंच्या त्या हसण्याचाही.

त्यांनी माझ्याकडे स्टूल सरकवलं. "बसा हो. अजून तीन घरं आहेत."