बाळारामशेठचा काटा

"काटा हाय, डाक्टर. पोरीच्या हळदीआधी काढा. मना जेवायचंय."

राहनाळचे बाळारामशेठ टेबलावर बसून हुकूम सोडत होते. आवाज इतका बसलेला की कुजबुजत धमकी दिल्यासारखा. दोन जीप भरून नातेवाईक आलेले. भिवंडीतला माझा दवाखाना भरून उरलेले जिन्यातून सल्ले देत होते.

चार महिने शेठ हा माशाचा काटा घशात घेऊन फिरत होते. खाडीकडचा एक भगत नळीने काटे शोषून काढायचा. जाईल त्याचा निघायचा, माळकऱ्याचासुद्धा निघाला असता! शेठचे तीन निघाले होते.

मी शेठच्या बायकोला, वहिनींना विचारलं, "ताटात काय उरतं?"

"पयली भाकर उरायची. मंग भात. आता पेजबी उतरत न्हाय. पान्यानंबी ठसका लागतो."

आधी घट्ट, मग पातळ. अन्ननलिका आतून बंद होत जाते तेव्हा हाच क्रम असतो. मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी कडक गाठ लागली. आवाजाची नस दबलेली. स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घातली, तर अर्ध्या वाटेत फ्लॉवरचा गड्डा! हात लावताच रक्त. पुढे रस्ताच नाही. चिमट्याने तुकडे काढून तपासायला पाठवले. रिपोर्ट आला : स्क्वेमस कॅन्सर, म्हणजे नळीच्या अस्तरातूनच उगवलेला.

"काटा कुठंय?" थोरला मुलगा गुरकावला.

"काटा नाही रे बाबा, कॅन्सर आहे. ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय."

"भगतानं तीन दाखवलं. तुमी येकबी न्हाय!"

डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, पण सगळ्या भिंतींना मामा-काका टेकलेले.

शेठच म्हणाले, "भांडू नका. हळदीत जेवीन का न्हाय, तेवढं सांगा."

"मुंबईला जाळीची नळी बसवतात. रोग जाणार नाही, रस्ता उघडेल."

मुंबईला जाऊन नळी बसवून आले. हळदीत मटणाचा रस्सा आणि मऊ भात जेवले, आणि मांडवभर सांगत सुटले, "डाक्टरनं काटा काढला!" पावसाळ्याआधी वारले.

मग मी तडक भगताच्या दारात. "एकदा काढ. तोच माणूस परत आला तर माझ्याकडे पाठव."

"धंदा बुडवता का माझा?"

तासभर भांडलो, तेव्हा कबूल झाला. आता पाठवतो. काही जण तर गाठ लहान असतानाच येतात. प्रत्येकाच्या खिशात मात्र पुडीत बांधलेला एक काटा असतोच. मी आधी त्या काट्याची तारीफ करतो, मग स्कोप घालतो. काट्यावरून भांडण्यात वेळ जातो, आणि गाठीला तेवढंच हवं असतं.