अडीअडचणीचे पैसे

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, आयुष्यभर बस डेपोचं भांडार सांभाळत होते. ब्रेकसाठी मंजूर झालेले पैसे टायरवर खर्च झाले तर जगबुडी होईल, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. एकदा टायर फुटलेली बस त्यांनी आठवडाभर उभी ठेवली, कारण टायरच्या खात्यात खडखडाट होता. ब्रेकच्या खात्यात पैसे लोळत होते, पण ते ब्रेकचे. साहेबांनी झाप झाप झापलं. भाऊजींना तो सत्कार वाटला.

मग त्यांच्या परदेशात राहणाऱ्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, दिवस गेले. डॉक्टरांनी शेवटचे महिने अंथरुणावरून हलायचं नाही म्हणून बजावलं, आणि भाऊजींच्या हाती आयुष्यातलं सगळ्यात मोठं अंदाजपत्रक आलं. मुक्काम चार महिन्यांचा, देश परका आणि पुंजी पेन्शनीतून उरवलेली. जावयाचा एक पैसा घ्यायचा नाही, ही वर अट. भाचीचं घर एका खोलीचं, म्हणून समोरच्या इमारतीत पोटमाळ्यावरची खोली भाड्याने घेतली. पैशांची पाकिटं केली: भाडं, जेवण, बस, औषधं आणि अडीअडचण. शेवटचं पाकीट सगळ्यात जाड. परतीची तिकिटंही आधीच काढली, स्वस्तातली, तारीख न बदलणारी. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपुढे आठवडा धरला. जन्माला यायच्या आधीच नातवंडाला मुदत घालून देणारे आजोबा मी तरी दुसरे पाहिले नाहीत.

ताईचे फोन यायचे.

"अगं, हे खोलीत हीटर लावू देत नाहीत. दुपारी फर्निचरच्या दुकानात जाऊन बसतो आम्ही. तिथे ऊब असते."

"कुणी हाकलत नाही?"

"हे प्रत्येक सोफ्याच्या किमतीची चिठ्ठी वाचतात, खालून पाय ठोकून बघतात. दुकानातल्या पोरींना वाटतं, कंपनीचा साहेब तपासणीला आलाय. काल एकीने कॉफी आणून दिली."

एवढ्या बेताच्या पैशांत परदेशात असा मान कुणाला मिळतो!

पुढे ताईच्या बुटांत पाणी शिरायला लागलं. तिने जाड पाकिटाकडे बोट दाखवलं. भाऊजी म्हणाले, बूट जुने होते, फाटणारच होते, ही काही अचानक आलेली अडचण नव्हे. ताई मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून लेकीकडे जाऊ लागली आणि दारातच त्या काढून पर्समध्ये कोंबू लागली. लेकीला कळलं असतं तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं. ताईला कशाचंच काही वाटत नव्हतं. बाळाला हातात घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं. भाऊजींनाही तेच हवं होतं. पण त्यासाठी पाकीट नव्हतं.

डॉक्टरांची तारीख आली आणि गेली. आठवडाही सरत आला. बाळ ढिम्म. डॉक्टर म्हणाल्या, काळजी नाही, दोन दिवस वाट पाहू. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

"काढा ते पाकीट," ताई म्हणाली. "नवी तिकिटं घ्यायची."

"ते अडीअडचणीचं आहे."

"मग ही काय मौज चाललीय?"

"अडचण म्हणजे न सांगता येते ती. बाळ येणार हे तर आपल्याला केव्हापासून माहीत आहे."

ताईने उघडी बॅग त्यांच्यासमोर उलटी केली आणि आपले कपडे वेगळे केले. "तुम्ही जा. माझं तिकीट बुडू दे."

एक तिकीट बुडतंय म्हटल्यावर दुसरं वाचवणं भाऊजींना भागच होतं. ते एकटे निघाले, आणि विमान हवेत असताना त्यांना नात झाली. ताई लेकीकडेच राहायला गेली. तिचं परतीचं तिकीट जावयाने काढलं. ज्या एका गोष्टीसाठी चार महिने कुडकुडत काढले, ती अशी झाली.

घराची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून ते विमानतळावरून थेट आमच्याकडे आले. बसल्याबसल्या खिशातून जाड पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"इकडचा पैसा तिकडे होऊ दिला नाही."

"हार मागवू का?" मी म्हटलं. मला त्यांचा खरंच राग आला होता. बहिणीचे ते बूट डोळ्यांपुढून हलत नव्हते.

फोनवरचा नातीचा फोटो भाऊजींनी बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"वजन तीन किलोच्या वर आहे म्हणे," ते म्हणाले. "तू ताईला विचारशील का, हातात घेतल्यावर कशी लागते?"

"तुम्हीच विचारा की."

"विचारलं." त्यांनी फोन पालथा ठेवला. "म्हणाली, थांबायचं होतंत."