मांजराचा कौल

मल्लेश्वरममध्ये जुने कॅमेरे विकणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. बिबट्या समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा मला रानवाटेवर लावायचा होता. परवानगी एकाच महिन्याची होती, त्यामुळे निवड चुकून चालणार नव्हतं.

माझा आवाज मुळातच बारीक, म्हणून मी सगळ्यात मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं. त्यांनी तो काउंटरवर झोपलेल्या मांजरापाशी धरून बटण दाबलं. फिल्म सरकल्याचा आवाज होताच मांजर पळालं.

“बघा अक्का, बिबट्या दुसरा फोटो देईल का?”

दुसऱ्या-तिसऱ्या कॅमेऱ्यालाही मांजर पळालं; दर वेळी ते परत येऊन झोपेपर्यंत ते गृहस्थ शांतपणे थांबले. चौथ्या कॅमेऱ्याचं भिंगही स्वच्छ होतं आणि बटण दाबल्यावर मांजराचा कानसुद्धा हलला नाही.

“सरी, ठीक आहे, हा बांधून देऊ?” ते कुजबुजले.

“द्या,” मीही कुजबुजले.

‘जरा मोठ्यानं बोल’ असं कुणी न सांगता झालेली ती माझी पहिली खरेदी.